डॉ. लुसी विल्स व गर्भस्थ बालकाचा मेंदू

आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी जेवणानंतर आपल्या हाती निळ्या रंगाची एक लहानशी गोळी ठेवण्यात येते. सरकारी व अनुदानित शाळांतून ही पद्धत सन २०१२-१३ पासून रूढ झाली आहे. कोणी ती निमूटपणे गिळतात; कोणी तोंड वेडेवाकडे करतात; आणि कोणी ती जिभेखाली दडवून पुढे भिंतीआड टाकून देतात, हेही शिक्षकांच्या दृष्टीतून सुटत नाही. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. लोहाने रक्त वाढते, ही गोष्ट बहुतेकांस ठाऊक असते. परंतु हे दुसरे द्रव्य कोणते, त्याचा शोध कोणी व कोठे लावला, आणि मनुष्याचा मेंदू मातेच्या उदरात घडत असताना त्याचे प्रयोजन काय, हे फार थोड्यांस माहीत असेल. या शोधाचा आरंभ आपल्या मुंबईत, परळ येथे झाला. आणि तो करणारी स्त्री दूरदेशाहून आलेली होती. तिचेच चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घराणे सुखवस्तू व विद्याव्यासंगी होते. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि मातामह बर्मिंगहॅममध्ये वैद्यकी करीत. घरात फुले, पाने, दगडधोंडे, हवामान यांविषयी सदैव चर्चा चाले. बंधू लिओनार्ड हे पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. अशा वातावरणात वाढलेल्या मुलीला सृष्टीतील प्रत्येक वस्तूचे निरीक्षण करण्याचा छंद जडावा यात नवल नाही.

चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित विद्यालयात शिक्षण घेऊन त्या केंब्रिज येथील न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास करून सन १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु पदवी मात्र त्यांना मिळाली नाही. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. हा अन्याय दूर होण्यास सन १९४८ उजाडावे लागले. तथापि विल्सबाईंनी त्याबद्दल शोक करीत बसण्यात काळ घालविला नाही.

याच सुमारास त्यांच्यावर दुःखाचे प्रसंग ओढवले. सन १९११ मध्ये पितृछत्र हरपले आणि सन १९१३ मध्ये वडील बहीण निवर्तली. पुढील वर्षी त्या बंधूसह दक्षिण आफ्रिकेत गेल्या असता युरोपात महायुद्ध पेटले. केप टाउन येथे त्यांनी काही काळ स्वयंसेवक परिचारिकेचे काम केले. स्वदेशी परतून सन १९१५ मध्ये त्यांनी लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले.

या विद्यालयाचे महाराष्ट्राशी जुने नाते होते. बालविवाह नाकारून न्यायालयात निर्भयपणे उभ्या राहिलेल्या आपल्या रखमाबाई याच विद्यालयात शिकून सन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातील डॉ. जेरुशा झिराड याही येथीलच विद्यार्थिनी. त्या पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. सन १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लुसी विल्स यांना वैद्यकीय पदवी प्राप्त झाली. त्यांनी स्वतंत्र दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात गर्भवती स्त्रियांच्या प्रकृतीत होणारे बदल सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे काम त्यांनी पत्करले. या कामात कीर्ती कमी आणि कष्ट फार होते. परंतु त्यांच्या वृत्तीस ते मानवले.

त्या वेळी मुंबईतून एक चिंताजनक वार्ता पाश्चात्त्य वैद्यांच्या कानी पडत होती. गिरणगावातील कित्येक स्त्रिया गर्भारपणात अचानक फिक्या पडत. त्यांना धाप लागे, पायांवर सूज येई, चार पावले टाकण्याचीही शक्ती उरत नसे, आणि प्रसूतीच्या आधी अथवा मागून त्या मृत्यू पावत. हा साधा पांडुरोग नव्हता. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडुरोगात रक्तातील तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या रक्तातील पेशी उलट नेहमीपेक्षा मोठ्या, अपक्व व संख्येने थोड्या असत. लोह देऊन त्यांस गुण येत नसे. हिंदुस्थानात स्त्रियांच्या आरोग्यासाठी दीर्घकाळ झटणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सूचनेवरून या रोगाचा छडा लावण्यासाठी विल्सबाई सन १९२८ मध्ये मुंबईस आल्या.

परळची हाफकिन संस्था हे त्यांचे कार्यस्थान ठरले. पूर्वी गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान असलेल्या या वास्तूत सन १८९९ मध्ये प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा स्थापन झाली होती; सन १९२५ मध्ये तिला प्लेगची लस शोधणाऱ्या डॉ. हाफकिन यांचे नाव देण्यात आले. आसपास कापडाच्या गिरण्या व कामगारांच्या चाळी दाटीने उभ्या होत्या.

विल्सबाईंनी प्रथम औषध शोधले नाही; प्रथम त्यांनी विचारपूस केली. रुग्ण स्त्रिया काय खातात, किती खातात, दूध, फळे, भाजीपाला, डाळ यांपैकी त्यांच्या पानात काय पडते, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. हा रोग जंतूंमुळे तर होत नाही ना, हेही त्यांनी तपासून पाहिले. निरनिराळ्या समाजांतील व निरनिराळ्या मिळकतीच्या स्त्रियांची तुलना करता एक गोष्ट हळूहळू स्पष्ट झाली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा रोग सर्वाधिक होत होता. गरीब मुसलमान कुटुंबांतील स्त्रियांची स्थिती सर्वांत वाईट आढळली. कारण त्यांच्या आहारात भाजीपाला, फळे व पौष्टिक पदार्थ फारच थोडे असत. तेव्हा दोष रक्तात अथवा कुळात नसून ताटात आहे, अशी त्यांची खात्री होत गेली.

परंतु ताटातील कोणती उणीव? हे ठरविण्यासाठी त्यांनी मुंबईबरोबरच निलगिरीतील कुन्नूर येथेही प्रयोग केले. गरीब स्त्रियांच्या आहारासारखा आहार उंदरांना दिला असता गाभण उंदरांना पांडुरोग झाला. यीस्ट दिले असता तो टळला. हे उत्तर हाती आले असे वाटते न वाटते तोच एक विघ्न उभे राहिले. उंदरांच्या अंगावरील उवांमुळे पसरणारा एक जंतुजन्य रोगही त्यांचे रक्त नासवितो, असे दिसून आले. म्हणजे निष्कर्षात दोन कारणांची सरमिसळ झालेली असण्याचा संभव होता. दुसऱ्या एखाद्याने ही अडचण झाकली असती. विल्सबाईंनी ती मान्य केली व पुढे माकडांवर नव्याने प्रयोग आरंभिले.

त्या काळी मोठ्या पेशींच्या पांडुरोगावर प्राण्यांच्या यकृताचा अर्क हे एकच गुणकारी औषध ज्ञात होते, आणि ते महाग होते. विल्सबाईंनी रुग्ण स्त्रियांना यीस्टचा अर्क देऊन पाहिला. पाव फुगविण्यासाठी व दारू आंबविण्यासाठी वापरतात तेच हे यीस्ट. त्याच्यापासून केलेला मार्माइट नावाचा खारट, काळसर, दाट पदार्थ इंग्लंडात पावाला लावून खात असत व तो स्वस्तात मिळे. या अर्काचा परिणाम पाहून सर्वांस आश्चर्य वाटले. अवघ्या थोड्या दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, अन्नावर वासना आली, आणि मृत्यूच्या दारी पोहोचलेल्या स्त्रिया उठून बसू लागल्या. सन १९३१ मध्ये हा वृत्तांत ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी असेही दाखविले की, यकृताचा शुद्ध केलेला अर्क या रोगावर चालत नाही, परंतु अशुद्ध अर्क चालतो. अर्थात यीस्टमध्ये व अशुद्ध यकृत-अर्कात आणखी एखादे निराळे द्रव्य असले पाहिजे. त्या अज्ञात द्रव्यास लोक विल्स घटक असे म्हणू लागले.

सन १९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या. सन १९३७-३८ च्या हिवाळ्यात काही आठवडे पुन्हा हाफकिन संस्थेत येऊन गेल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना त्यांनी रुग्णालयातील काम सोडले नाही. सन १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. तरी जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथील गोरगरिबांच्या आहाराचा व रक्ताचा अभ्यास त्यांनी चालूच ठेवला. त्या अविवाहित राहिल्या. राहणी साधी, बोलणे मोजके, विनोद मार्मिक. मोटार बाळगण्याऐवजी त्या सायकलीवरून कामास जात. डोंगर चढण्याची त्यांना मोठी हौस होती. उतारवयात त्या चेल्सी येथे नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

दरम्यान त्या अज्ञात द्रव्याचा शोध इतरांनी पुढे नेला होता. सन १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पाल्यातून एक द्रव्य वेगळे काढले व पानास लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्यास फॉलिक ॲसिड असे नाव दिले. सन १९४५ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार करण्यात ज्या प्रयोगशाळेस यश आले, तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्र प्रांतातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. परळच्या विल्स घटकाची ओळख अशा रीतीने पटली.

येथपर्यंतची कथा मातेच्या रक्ताची झाली. परंतु या द्रव्याचे दुसरे कार्य विल्सबाईंच्या हयातीत उजेडात आले नाही. ते समजण्यासाठी गर्भातील मेंदू कसा घडतो हे थोडे पाहिले पाहिजे.

गर्भधारणा होऊन तिसरा आठवडा चालू असतो तेव्हा गर्भ तांदळाच्या कणीएवढा असतो. त्याच्या पाठीच्या बाजूस पेशींची एक पातळ पट्टी तयार होते. या पट्टीच्या दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि मध्यभागी जुळतात. पोळीच्या दोन कडा उचलून सुरळी करावी तसा हा प्रकार आहे. ही जुळणी सुमारे बाविसाव्या दिवशी मानेच्या भागात सुरू होऊन वर व खाली अशा दोन्ही दिशांनी सरकते. वरचे तोंड सुमारे पंचविसाव्या दिवशी व खालचे सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. या नळीस मज्जानलिका म्हणतात. तिच्या वरच्या भागाला प्रथम तीन व पाचव्या आठवड्यात पाच फुगवटे येतात. त्यांचाच मेंदू होतो. खालच्या भागाचा मज्जारज्जू होतो.

यानंतरचे काम महिनोन् महिने चालते. नळीच्या आतील अस्तरात नव्या पेशी जन्मास येतात आणि तेथून तंतूंच्या आधाराने बाहेरच्या पृष्ठभागाकडे प्रवास करतात. मागून जन्मलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून पुढे जातात व थरावर थर चढत जातो. आपण विचार करतो, भाषा बोलतो, गणित सोडवितो, ते ज्या बाह्य थरांच्या योगाने, त्यांतील बहुतेक पेशी गर्भारपणाच्या मध्यापर्यंत जन्मलेल्या असतात. पाचव्या महिन्यापर्यंत गुळगुळीत असलेल्या मेंदूवर पुढे वळ्या पडू लागतात. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बालकास ऐकू येऊ लागते. मातेचा आवाज ते जन्मापूर्वीच ओळखू लागते. जन्मसमयी मेंदूचे वजन साडेतीनशे ते चारशे ग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिस्सा असते. प्रौढ मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात, आणि या सर्व इमारतीचा पाया त्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत घातलेला असतो.

नळीचे वरचे तोंड उघडे राहिले तर मेंदू व कवटी यांची वाढच होत नाही. असे बालक जगत नाही. खालचे तोंड उघडे राहिले तर पाठीच्या कण्यात दोष राहतो. बालक जगले तरी पुष्कळदा पायांत शक्ती नसते व मूत्रावर ताबा राहत नाही. हे टाळण्याच्या कामी फॉलिक ॲसिड उपयोगी पडते. प्रत्येक पेशी दुणावताना आनुवंशिक द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्या कामास हे द्रव्य लागते. जेथे पेशी झपाट्याने दुणावतात तेथे त्याची गरज सर्वाधिक. मातेच्या हाडांतील रक्त घडविणारी मज्जा ही अशी एक जागा, आणि नुकताच रुजलेला गर्भ ही दुसरी. परळच्या स्त्रियांच्या रक्तात विल्सबाईंनी जी उणीव पाहिली, तिचाच घाला गर्भाच्या मेंदूवरही पडू शकतो.

ही शंका इंग्लंडातील डॉ. हिबर्ड व डॉ. स्मिथेल्स यांनी सन १९६५ मध्ये जाहीरपणे मांडली. विल्सबाईंना जाऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. पुढे सन १९९१ मध्ये सात देशांतील ३३ केंद्रांत केलेल्या मोठ्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्या मातांना पूर्वी असे सदोष मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तोच दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो, असे सिद्ध झाले. हा लाभ इतका उघड होता की परीक्षा मुदतीपूर्वीच थांबवून ते औषध सर्वांस देणे योग्य ठरले.

आता पालकांस दोन शब्द. मज्जानलिका मिटते त्या वेळी पुष्कळ मातांना आपण गर्भवती आहोत याची जाणीवही नसते. म्हणून दुसऱ्या वा तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव नोंदवून गोळ्या सुरू केल्या तर रक्तासाठी त्यांचा उपयोग होतो, पण नळीचे काम तोपर्यंत आटोपलेले असते. मूल हवे असे ठरविणाऱ्या स्त्रीने आधी निदान एक महिना व नंतर तीन महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, असा वैद्यकशास्त्राचा उपदेश आहे. पूर्वी सदोष मूल झाले असल्यास मात्रा अधिक लागते; ती डॉक्टरांनीच ठरवावी. शाळेतील साप्ताहिक गोळी मुख्यतः रक्तक्षय टाळण्यासाठी आहे; तिच्यावर विसंबून ही रोजची गोळी चुकवू नये.

आणखी एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगावीशी वाटते. आपल्या भागात एखादे मूल सदोष जन्मले की बोट प्रथम सुनेकडे दाखविले जाते. तिने ग्रहणात भाजी चिरली, असे म्हणून तिला आयुष्यभर बोल लावला जातो. चंद्रसूर्याच्या सावलीचा गर्भावर काही परिणाम होत नाही. सदोष जन्मास आनुवंशिकता, मधुमेह, काही औषधे अशी नाना कारणे असू शकतात, आणि कित्येकदा मातेने सर्व पथ्य पाळूनही दोष राहतो. तिला दोष देणे हे अज्ञान आहे व निर्दयपणाही आहे. ज्या भाजीच्या चिरण्यावरून तिला बोल लागतो, ती भाजीच तिच्या पानात पुरेशी वाढली जात होती का, हा प्रश्न घराने स्वतःस विचारावा. आपल्या अहमदपूरच्या शिवारात तूर आहे, हरभरा आहे. बाजारात मेथी, पालक, अंबाडी आहे. पालेभाज्या व डाळी यांत हे द्रव्य विपुल असते. मात्र ते पाण्यात विरघळते व फार शिजविल्याने नष्ट होते; म्हणून भाजी बेताने शिजवावी व तिचे पाणी ओतून देऊ नये. आणि पुरुष व मुले जेवून उठल्यावर उरेल ते सुनेने खावे, ही रीत तर अजिबात मोडावी.

मुलांनो, डॉ. लुसी विल्स परळला आल्या त्या मरणोन्मुख मातांना वाचविण्यासाठी. आपण शोधलेले द्रव्य गर्भातील मेंदूचेही रक्षण करते, हे त्यांस कधीच कळले नाही. आमराई लावणाऱ्या म्हाताऱ्याने फळाची वाट पाहू नये, तसे त्यांचे झाले. परंतु त्यांनी नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या, चूक दिसताच मान्य केली, आणि गरीब स्त्रीचे ताट हा शास्त्राचा विषय आहे असे मानले. म्हणूनच मागून येणाऱ्यांना त्या पायावर उभे राहता आले. पुढच्या वेळी ती निळी गोळी हातात येईल तेव्हा परळच्या त्या निनावी स्त्रियांचे व त्यांची विचारपूस करणाऱ्या या डॉक्टरीणबाईंचे स्मरण करा, आणि ती गोळी भिंतीआड न टाकता पाण्याबरोबर गिळा.